रंगाचा दुसरा हात

मोटार आमच्या घरी आली ती दोन बैलजोड्यांनी ओढून आणली. टायर कधीचे कुणी काढून नेले होते, त्यामुळं नुसत्या लोखंडी कड्यांवर ती धाराशिवच्या कचेरीच्या आवारापासून आमच्या गल्लीपर्यंत असा आवाज करत आली की कोंबड्या पत्र्यावर चढल्या आणि शेळी दावं तोडून पळाली. अब्बा आत बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोक्यावर जुन्या नोकरीतली टोपी, नजर सरळ समोर. बैल हाकणारे दोघं, मागून ढकलणारा माझा थोरला भाऊ दस्तगीर, आणि मधे अब्बा असे ताठ बसलेले, जणू मागच्या बाजूला अजून साहेबच झोपला आहे. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी तेरा वर्षांची होते आणि मला लाज वाटली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते त्या लाजेपायीच झालं.

आतून अम्मीनं हाक मारली, "जैबू, कसला गं आवाज? गिरणी आणली का काय कुणी?"

"मोटार आली अम्मी. अब्बांची."

"चालती का?"

"न्हाय. बैलं ओढत्यात."

"मंग बैलगाडीच म्हण की," अम्मी म्हणाली आणि खुदकन हसली. हसली की तिच्या पाठीत कळ यायची, म्हणून हसून झाल्यावर ती थोडा वेळ डोळे मिटून पडायची. तशीच पडली.

ती तालुकदारसाहेबांची, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांची, दौऱ्याची मोटार होती. निजामाच्या अमलात अब्बा त्या मोटारीवर ड्रायव्हर होते. लॉरीच्या सांगाड्यावर सागवानी लाकडाची एक अख्खी खोली बसवलेली. आत भिंतीतून खाली ओढायचा पलंग, घडीचं मेज, जाळीचं कपाट, हात धुवायला पितळेचं भांडं, कंदील टांगायला आकडा. ड्रायव्हर आणि खोली यांच्यामध्ये फळीची भिंत आणि तिला वीतभर खिडकी. साहेब दौऱ्यावर निघाले की त्यातच झोपायचे, त्यातच जेवायचे. लोक तिला 'खोलीची मोटार' म्हणत. विलीनीकरण झालं, साहेब हैदराबादला गेले, मोटार कचेरीमागच्या लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. मग कुण्या भंगारवाल्यानं ती विकत घेतली, पण जागची हलवली नाही. अब्बा तेव्हा एका तेलाच्या गिरणीत इंजिनावर होते. भंगारवाल्याच्या मळ्यावरचं बंद पडलेलं पाण्याचं इंजिन त्यांनी दुरुस्त करून दिलं आणि त्याच्या बदल्यात हा सांगाडा मागून घेतला. साहेबांच्या वेळचा अब्बांचा एक नियम होता, तो ते आम्हाला कलम्यासारखा ऐकवत. मोटार चकचकीत झाल्याशिवाय फाटकाबाहेर काढायची नाही. बॉनेटमध्ये आपली मिशी दिसली पाहिजे. पाऊस असो, चिखल असो, साहेबाला घाई असो, ड्रायव्हरनं आधी बॉनेटमध्ये मिशी बघायची आणि मग हँडल मारायचं. आम्ही भावंडं त्या नियमाला हसायचो. आता मात्र तो आठवला की हसू येत नाही.

मोटार घरी कशासाठी, तर अम्मीसाठी. तीन वर्षांपूर्वी विहिरीच्या पायऱ्यांवरून घागरीसकट ती पडली आणि मणक्याला मार बसला. कमरेखालचा भाग गेला. बसता येत नव्हतं, उशीचा टेकू दिला तरी कळा यायच्या. तिला दोन-दोन तासांनी कुशीवर वळवावं लागायचं आणि हे काम अब्बांनी कुणाला करू दिलं नाही. गिरणीतून मधेमधे धावत यायचे, हात धुवायचे, तिला वळवायचे आणि परत जायचे. तिचं माहेर सोनारीच्या पुढं, सीनेच्या काठी. त्या गावात मुसलमानांची चारच घरं, म्हणून तिची जीभ अस्सल खेड्याची मराठी. अब्बांच्या घरात सगळे दखनी बोलणारे, पण लग्नानंतर वर्षभरात अख्खं घर तिच्यासारखं बोलायला लागलं, असं अब्बा कौतुकानं सांगायचे. माहेरी तिची आई, आमची नानी. अम्मी पडली तेव्हा नानी बैलगाडीतून आली होती, पंधरा दिवस राहिली, आणि जाताना लेकीचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून गेली, कारण डोळ्यांना तिला फारसं दिसत नव्हतं. त्यानंतर नानीचंही हिंडणं-फिरणं बंद झालं. अम्मीला बैलगाडीत घालायचं नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं. येडशीहून आगगाडी होती, पण तिच्यात निजवून नेणार कसं, आणि बार्शीच्या पुढं काय? दोघी मायलेकी दोन गावांना दोन खाटांवर पडून एकमेकींचे निरोप ऐकत होत्या. अम्मी एवढंच म्हणायची, "एकदा मायला हात लावू द्या. मंग मला कुठं बी टाका." खोलीच्या मोटारीचे कमानीचे पाटे असे होते की आत झोपलेल्या साहेबाच्या पोटातलं पाणी हलत नसे. अब्बांनी ते पंधरा वर्षं पाहिलं होतं.

परवा माझ्या नातवानं फोनवर दाखवलं, परदेशात म्हणे माणसं अशा जुन्या गाड्या विकत घेतात, घरीच नीटनेटक्या करतात आणि हौसेनं हिंडतात. नवरा रंधा मारतोय, बायको पडदे शिवतेय, मागं गाणं चाललंय. "आज्जी, बघ किती भारी," तो म्हणाला. मी म्हटलं, बघितलंय बाबा. त्याला वाटलं म्हातारीचं काहीतरीच.

आमच्या अंगणात फाल्गुनात काम सुरू झालं. इंजिन गच्च धरून बसलं होतं. अब्बांनी प्लग काढले, भोकांतून रॉकेल ओतलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. रोज सकाळी नमाज झाली की दस्तगीरभाई हँडलला लोंबकळून बघायचा. हलायचं नाही. अब्बा म्हणायचे, "जबरदस्ती नक्को. त्याला सुटायचं तवा सुटंल." नवव्या दिवशी ते बोटभर हललं आणि अब्बांनी भाईला मिठी मारली. टायर त्यांनी एका जुन्या लॉरीचे मिळवून बसवले. मोटारीच्या पोटात उंदरांचं एक अख्खं गाव निघालं. गादीतला काथ्या अर्धा उंदरांनी खाल्लेला, उरलेला आमच्या शेळीनं खाल्ला. लाकूडकामाला शेजारचे माणिकमामा सुतार होते. अब्बांचे जुने दोस्त, तोंडानं फटकळ, हातानं सोनं. कुजलेल्या फळ्या उपसून ते नवीन बसवत आणि सारखे कुरकुरत, "ह्या मोटारीपरीस तुजं घर दुरुस्त केलं असतं तर बरं न्हवतं का रं?" पण एक दिवस चुकला नाही त्यांचा. अम्मीसमोर ते येत नसत. पलंगाची फळी तिच्या मापाची करायची, तर त्यांनी उंबऱ्यापाशी उभं राहून माझ्या हातात सुतळी दिली. मी आत जाऊन अम्मीच्या डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली, खांद्याच्या रुंदीला एक गाठ मारली आणि बाहेर आणून दिली. माणिकमामांनी सुतळी धरून बघितली आणि म्हणाले, "एवढीच? भाभी लई वाळल्या की गं." मग ते नुसता रंधा ओढत राहिले.

अम्मीची खाट आम्ही सोप्याच्या दाराशी आणली होती, तिला अंगण दिसावं म्हणून. पडदे तिनं शिवले. उताणी पडून, दोन्ही हात वर करून, कापड तोंडावर धरून. हात भरून आले की कापड तसंच चेहऱ्यावर पडायचं आणि ती त्याच्याखालून मला काहीबाही सांगत राहायची. पितळेचं भांडं चिंचेनं घास, आधी राख, मग चिंच. जाळीच्या कपाटात माझ्या मायसाठी खवा ठेवायचा हाय, तवा त्याला वास न्हाय राहिला पायजे. दुपारी मी भाकरी थापायची, ती झोपल्याझोपल्या आवाजावरून ओळखायची. "जाड झाली. हात हलका ठेव." अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कधी हुलग्याचे शेंगोळे. अब्बा, भाई आणि माणिकमामा मोटारीच्या सावलीत बसून जेवायचे, तिघांच्या हातांना रॉकेलचा वास. तीन वर्षांत आमच्या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं. रंध्याची सरसर, हातोडीचे ठोके, भाईच्या शिट्ट्या, आणि मधूनच अम्मीचं आतून, "झालं का वो? किती राह्यलं?" मला वाटतं ती त्या दोन महिन्यांत बरी होती. डॉक्टर काही म्हणोत.

चैत्र संपता संपता इंजिन चालू झालं. पहिल्यांदा एक फटाका, मग काळा धूर, मग तो जाडा घुमणारा आवाज, जो मी लहानपणी रोज ऐकला होता आणि विसरून गेले होते. अम्मी आत रडत होती. अब्बा इंजिन तसंच चालू ठेवून आत गेले, तिच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "ऐकलीस का? गुरुवारी निघायचं." माणिकमामांची बहीण त्याच आठवड्यात सोनारीला भैरोबाच्या दर्शनाला चालली होती. तिच्याजवळ निरोप धाडला, गुरुवारी अम्मीला घेऊन येतोय, नानीला सांगा. पावसाळ्याआधी जाणं भाग होतं, पुढं सीनेकाठच्या काळ्या मातीतून मोटार निघाली नसती.

आता रंगाचं. लाकडाला आधी अस्तर मारलं होतं, विटकरी. त्याच्यावर हिरवा. साहेबांच्या वेळचाच तो गर्द हिरवा रंग अब्बांनी अळशीचं तेल उकळून स्वतः कालवला होता. सोमवारी रंगाचा पहिला हात झाला. बुधवारी तो सुकला आणि दिसायला लागलं की ठिकठिकाणी खालचं विटकरी अस्तर डोकावतंय. खरूज झालेल्या जनावरासारखी दिसत होती मोटार. दुसरा हात हवाच होता. पण दुसरा हात म्हणजे आधी सगळीकडं पॉलिश पेपर घासा, मग रंग लावा, मग तो कडक होईपर्यंत थांबा. अब्बांच्या हिशेबानं आठवडा. संध्याकाळी अम्मीचा डोळा लागला होता, मी अंगणात पाणी मारत होते. अब्बा मोटारीभोवती दोन चकरा मारून आले, बॉनेटसमोर उभे राहिले आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मिशी दिसत नव्हती.

"काय करावं गं जैबू?" त्यांनी विचारलं. "असंच निघावं, का दुसरा हात मारावा?"

घरात ते असं कुणाला विचारत नसत. मला का विचारलं, मला आजही कळत नाही. कदाचित कुणीतरी 'असंच निघा' म्हणावं, असं त्यांना वाटत असेल. अम्मीला विचारलं असतं तर तिनं तेच म्हटलं असतं. मला मात्र त्या वेळी माझ्या मामेबहिणी दिसत होत्या. मोटारीभोवती जमलेलं गाव दिसत होतं. त्या म्हणणार, ही कसली साहेबाची मोटार, ही तर भंगारातली. बैलांनी ओढून आणलेल्या दिवशी गल्ली हसली होती, तसंच ते हसणार.

मी म्हटलं, "अब्बा, अशी न्यायची न्हाय. हसत्याल सगळे. नानी कुठं पळून चाललीय? दुसरा हात माराच."

अब्बा अजून घुटमळत होते. मी बादली खाली ठेवली आणि हट्टाला पेटले. पडदे एवढे छान शिवलेत, भांडं एवढं घासलंय, आणि बाहेरून अशी कळाहीन? मी यायचीच नाही अशा मोटारीतून. शेवटी ते हसले, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "हौ. तुझंच खरं. साहेबाची मोटार अशी कवा निघालीच नव्हती."

अम्मीला आम्ही खोटं सांगितलं. पाट्याचा एक बोल्ट तुटलाय, बार्शीहून मागवलाय, पुढच्या गुरुवारी निघू. सांगितलं अब्बांनी, मी शेजारी उभी राहून मान हलवली. अम्मी बघत राहिली. म्हणाली, "बरं. बोल्टाशिवाय कसं जाता येईल?" मग भिंतीकडं तोंड करायचं होतं तिला, तर अब्बांनी तिला वळवलं. त्याच दिवशी मामूला, अम्मीच्या भावाला, एक कार्डही टाकलं. अब्बांना उर्दूच लिहिता यायचं आणि मामूला मराठीच वाचता यायचं, म्हणून ते मी लिहिलं. मामूशी खोटं बोलायचं कारण नव्हतं, तेव्हा अब्बांनी सांगितलं ते खरं खरं लिहिलं.

शुक्रवारी दुसरा हात झाला. अब्बांनी इतक्या मन लावून रंग दिला की बघत बसावं. वरून खाली, एका दमात, कुंचला न उचलता. पण तेल थोडं जास्त पडलं होतं. शनिवारी रंग ओला, रविवारी ओला, सोमवारी बोट लावलं तर ठसा उमटत होता. दुपारी भाकऱ्या होत आल्या होत्या, तेवढ्यात दारात मामूच्या गावचा माणूस उभा राहिला. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. त्यानं पाणीही मागितलं नाही. काल पहाटे नानी गेली, दुपारी जोहरच्या नमाजला माती दिली, एवढंच बोलला. अब्बा मोटारीजवळ उभे होते. त्यांचा हात आपोआप मोटारीवर टेकला आणि पाची बोटं हिरवी झाली.

अम्मीनं ऐकलं होतं. सोप्यातून तिचा आवाज आला, पण तो रडण्याचा नव्हता. "बोल्ट आला का वो?" तिनं विचारलं. अब्बा म्हणाले, "आला." "मंग चला," ती म्हणाली.

माणिकमामा धावत आले. त्या दिवशी उंबरा-बिंबरा काही राहिलं नाही. त्यांनी, अब्बांनी आणि भाईनं मिळून अम्मीला फळीवर घेतलं आणि मागच्या दारानं आत सरकवलं. फळी तंतोतंत बसली. अर्ध्या तासात आम्ही निघालो. येडशी, बार्शी, परंडा. अब्बा सायकल चालावी इतक्या हळू चालवत होते आणि खरोखरच आत हिसका म्हणून बसला नाही. मी अम्मीच्या पायाशी खाली बसले होते. पडदे हलत होते, कपाटात काहीच नव्हतं. अम्मी वरच्या फळ्यांकडं बघत पडली होती. बार्शीच्या पुढं रस्ता कच्चा. वैशाखातली ती पिठासारखी धूळ उडून ओल्या रंगावर बसत गेली. परंड्याला पाणी भरायला मोटार थांबली तेव्हा मी खाली उतरले. मोटार हिरवी नव्हती. चाकापासून छतापर्यंत मातकट, खरखरीत, हात लावला तर लागावा. भाई माझ्याकडं बघत होता.

दिवस मावळताना आम्ही गावात पोचलो. मोटारीकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. माझ्या मामेबहिणी धावत आल्या त्या थेट आत शिरल्या आणि अम्मीच्या गळ्यात पडल्या. ज्यांच्या हसण्याला मी भ्याले होते त्या ह्या. अम्मीला घरात नेलं. नानीची खाट अंगणात उभी करून ठेवली होती. अम्मीनं त्या खाटेच्या दोऱ्यांना हात लावला आणि तेव्हा ती रडली. असं रडणं मी आयुष्यात परत ऐकलं नाही. अंग हलत नव्हतं, नुसता आवाज.

मामी तिच्याजवळ बसून सांगत होती. मनात काही ठेवून नव्हे, घरात मयत झालं की माणसं सांगतात तसं. "तुमी येणार म्हणून बेस्तरवारी पहाटे उठून बसली. नवं लुगडं नेसवा म्हणाली. दारात खाट टाकाय लावली. मोटार दिसती का इचारायची, आली का माझी हाफिजा? दिवस बुडला तरी आत येईना. दुसऱ्या दिशी बी तसंच. न्हाई आली म्हणल्यावर जेवण सोडलं बघा. तिसऱ्या दिशी बोलणं सोडलं."

दुसऱ्या दिवशी नानीच्या मयताच्या तिसऱ्या दिवसाची जियारत होती. अंगणात माणसं बसलेली, फातेहा झालेला, आणि पोस्टमन आला. मामूनं कार्ड घेतलं. गावाकडं पत्र आलं की मोठ्यानं वाचायचं, सगळ्यांनी ऐकायचं, ही रीतच. मामू सवयीनं वाचायला लागला. मी चुलीजवळ होते. माझेच शब्द, माझेच शाळेतले ऱ्हस्व-दीर्घ, मामूच्या जड आवाजात. "मोटार तयार आहे. चालू झाली आहे. फक्त रंगाचा दुसरा हात राहिला आहे. रंग सुकला की पुढील गुरुवारी नक्की येतो. नानीला सलाम." मामू वाचून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. कार्ड त्यानं घडी घालून टोपीत ठेवलं. अम्मी दारातच निजली होती. तिनं सगळं ऐकलं. अब्बा पुरुषांमध्ये बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

परतताना सोनारी मागं पडली आणि अम्मीनं मला फळीच्या भिंतीतली खिडकी उघडायला लावली. "अहो," ती म्हणाली, "मोटार थांबवा." अब्बांनी रस्त्याकडेला बाभळीखाली मोटार उभी केली. इंजिन बंद केलं. भाई पुढं त्यांच्याशेजारी होता.

"बोल्ट तुटला न्हवता," अम्मी म्हणाली.

"न्हाय."

"मला शुक्रवारीच रंगाचा वास आला व्हता. म्या काय बोलले न्हाय. मला वाटलं, तुमची नोकरीची सवय, सुटत न्हाय. पर आता सांगा. तुमी तर बुधवारी सकाळी म्हणला व्हता, असंच निघू. मंग दुसऱ्या हाताचा हट्ट कुणाचा?"

अब्बा खिडकीतून मागं वळले. वीतभरच खिडकी, तिच्यातून त्यांचे डोळे आणि मिशी एवढंच दिसत होतं. त्यांनी अम्मीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडात आलं होतं, अगदी दातांपर्यंत आलं होतं.

"माझा," अब्बा म्हणाले.

अम्मीनं डोळे मिटले. "माझी माय दोन दिस दारात बसली," ती म्हणाली. "तुमच्या रंगापायी." अब्बा खाली उतरले, हँडल मारलं, आणि धाराशिवपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. मीही नाही.

मोटार नंतर वर्षभर अंगणात उभी होती, पुढं एका तंबूतल्या सिनेमावाल्यानं नेली. तिच्या जाण्याचं मला काही वाटलं नाही. पण घरी पोचल्या दिवशी अब्बा हात धुऊन अम्मीला वळवायला गेले, तेव्हा अम्मी म्हणाली, "राहू द्या. जैबू करील." अब्बा ओले हात तसेच धरून उभे राहिले. मग बाहेर गेले. त्या दिवसापासून अम्मीचं सगळं माझ्याकडं आलं. अब्बांशी ती बोलायची, भाजी काय आणायची, भाईचं काय, सगळं व्यवस्थित. भांडण नाही की टोमणा नाही. पण अंगाला हात लावू दिला नाही. आणि मला म्हणायची, "माझी जैबू हाय म्हणून म्या हाय." ती पुढं दोन वर्षं जगली. दिवसातून सहा-सात वेळा मी तिला वळवायची आणि दर वेळी ती माझ्या गालावरून हात फिरवायची.

एकदा मला सोसलं नाही. अब्बा गिरणीतून येऊन अंगणात पाय धूत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "अब्बा, मी आज अम्मीला सांगणार हाय. हट्ट माझा होता म्हणून. तुम्ही उगाच का सोसता?"

अब्बांनी तांब्या खाली ठेवला. इकडं-तिकडं बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "नक्को बेटा. मी तिच्या मनातनं उतरलो ते उतरलो. आता तू बी उतरलीस तर तिला हात लावायला कोण ऱ्हाईल?"

आतून अम्मीनं हाक मारली. मी गेले आणि तिला कुशीवर वळवलं.